पेटीत अडकलेली पत्रिका

काल आमच्या बापाची चौकात जिरली, ऐकाच! ताईच्या लग्नाच्या वेळी मी बाबांना सांगितलं होतं, "आत्याला फोन करा. आपल्या मुर्री गावच्या चौकातल्या टपालपेटीवर 'बंद आहे' असा कागद चिकटवला आहे."

तर म्हणे, "फोनवर निमंत्रण म्हणजे अपमान. अन् तो कागद पोट्ट्यांचा चावटपणा हाये. कॉलेज सोडणाऱ्यानं मले शिकवू नये!"

पत्रिका त्याच पेटीत टाकली. आत्या लग्नाला आली नाही. तेव्हापासून बहीण-भावाचं बोलणं बंद, दोन वर्षं!

काल टपाल खात्याची माणसं ती पेटी उपटायला आली. बाबा तिथेच उभे. पेटी उघडली, तर आत एकच लिफाफा, कोपऱ्यांना हळद लावलेला! मी ओरडलोच, "अख्ख्या मुर्रीत वाचता न येणारे तुम्हीच निघाले!"

बाबांचं तोंड एवढंसं झालं. म्हटलं, बसा गाडीवर! जी गाडी सोडली, ती सडक अर्जुनीला आत्याच्या दारातच थांबवली.

"काऊन आला?" आत्यानं विचारलं.

"बंद पेटीत अडकली होती," म्हणत बाबांनी पत्रिका पुढे केली. तिनं तारीख वाचली आणि रडायलाच लागली. "दादा, मले वाटे तू मुद्दाम बोलावलं नाही." मग डोळे पुसून म्हणाली, "अन् आता तुझ्या नातवाचं बारसं हाये म्हणे, त्याचं काय?"

बाबांनी खिशातून दुसरा लिफाफा काढला, आत्याच्याच नावाचा. काल चौकात ते तोच टाकायला गेले होते, त्याच बंद पेटीत!

आत्यानं तो उलटा-सुलटा करून पाहिला. "दादा, तिकीट कायले लावलं? पोस्टमन तर तूच हायेस."