सोमवारची बातमी

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोन बहिणी बसल्या होत्या. धाकटी अगदी हळू बोलत होती.

“ताई, शिलाईवाल्या काकूंचं प्रेत मंगळवारी सापडलं ना?”

“हो गं. गळा चिरलेला.”

“आमचा शेजारी मला सोमवारीच म्हणाला, बिचारीचा गळा चिरला कुणीतरी.”

“तुझा वार चुकत असेल.”

“सोमवारी माझी सुट्टी असते. मी कपडे वाळत घालत होते.”

“मग तू काय म्हणालीस?”

“अरेरे म्हणाले. मंगळवारी बातमी कळली तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.”

“त्याच्या लक्षात आलंय?”

“कालपासून फार गोड बोलतोय. आज म्हणाला, दवाखान्यात मीच सोडतो.”

“आणि तू बसलीस त्याच्या गाडीत?”

“नाही म्हटलं असतं तर त्याला कळलं असतं, ताई.”

“आता कुठाय तो?”

“गाडी लावून वर येतोय.”

दार उघडलं.

“झालं का वहिनी?”

“अजून वेळ आहे, भाऊ. बसा ना,” थोरली हसून म्हणाली. मग तिने स्वतःच्या नंबराची चिठ्ठी माझ्या हातात दिली.

“तुम्ही आधी जा. तुमची दाढ फार ठणकतेय.”

मी तर नुसते दात साफ करून घ्यायला आले होते. मी आत गेले आणि डॉक्टरांना म्हटलं, “आधी पोलिसांना फोन लावा.”