पास्कलच्या मागं सहा वर्षं

थांबवा, थांबवा तो मृदंग जरा! एवढा रंगात आलाय की माझं बोलणं मलाच ऐकू येईना. हां. आता ऐका मंडळी. आज एकच प्रश्न विचारणार आहे. मान हलवू नका, उत्तर द्या. माणसाला ओढ कुणाची लागते?

देवाची? ही पुढची आजी लगेच म्हणाली, देवाची! आजी, चहाची वेळ टळली की तुमचा जीव कुणाकडं ओढ घेतो ते मला माहीत आहे. हसू नका हो, खरं सांगतोय! माणसाला लेकराची ओढ, माहेराची ओढ, गेलेल्या माणसाची ओढ. पण वैऱ्याची? जो आपल्याला हरवतो, सारखा हरवतो, त्याची ओढ लागते का कधी? शास्त्रानं सांगितलंय, लागते. वैरानं देवाचा ध्यास घेतला आणि देवापर्यंत पोचले, अशीही माणसं होऊन गेली. तुम्ही म्हणाल, महाराज, ते जुनं झालं. बरं! मग नवं सांगतो. मोटारीचं सांगतो!

बघा, तरणी पोरं कशी सरसावून बसली. इतका वेळ खांबाला टेकून डुलक्या घेत होती!

मी स्वतः एस.टी.चा ड्रायव्हर, हे तुम्हाला ठाऊक आहे. आधी स्टेअरिंग धरलं, मग टाळ धरले. म्हणून मोटारीचं सांगायचा अधिकार मला आहे. तर आमच्या गडहिंग्लजकडचा एक गडी, शिरीष रेडेकर. व्यवसाय काय? मोटारीच्या शर्यती! पगार घेऊन गाडी पळवायची. तिकडं तामिळनाडूत मोठा ट्रॅक आहे, तिथं दरसाल शर्यती व्हायच्या. घरचे म्हणायचे, अरे, गाडी चालवायचीच तर ऊस कारखान्यावर ने! हा ऐकतोय होय?

गडी तयारीचा होता. पण नशिबाला एक माणूस आडवा. वसईचा पास्कल तुस्कानो. वसईचे आपले ख्रिस्ती लोक, घरात मराठी बोलणारे. पहिला नंबर पास्कल, दुसरा शिरीष. पुढच्या शर्यतीत? पहिला पास्कल, दुसरा शिरीष. असं एक नाही, दोन नाही, सहा वर्षं!

सहा वर्षं या माणसानं पास्कलच्या गाडीचं काय बघितलं? पाठ! ते दोन लाल दिवे. पास्कल कुठं ब्रेक मारतो, कुठं मारत नाही, दिवा कुठं लागतो, किती वेळ लागतो, सगळं पाठ. त्याची बायको वृंदा म्हणायची, “लग्नाला आठ वर्षं झाली. माझ्या कपाळाचं कुंकू कुठल्या बाजूला कललंय ते यांना कळत नाही, पण त्या पास्कलचा दिवा झोपेतसुद्धा दिसतो!”

मंडळी, हा ध्यास नव्हे तर काय? देवळात रोज येऊन देवाच्या पायाकडं तरी आपण इतकं निरखून बघतो का? आपण चपलांकडं बघतो!

एक सांगतो, शिरीषला त्याचा राग नव्हता. रागानं माणूस एक वर्ष पळेल, सहा वर्षं नाही पळणार. त्याला एकच हवं होतं. एकदा, फक्त एकदा, पास्कल पूर्ण जोरात असताना त्याच्या पुढं जायचं. रात्री जेवताना घास हातात तसाच राहायचा. वृंदा विचारायची, “कुठं आहात?” तर म्हणायचा, “तिसऱ्या वळणावर.”

आणि मग, मंडळी, काय झालं? नियम बदलला!

आता नियम कोण बदलतो? जे पळत नाहीत ते! शर्यती भरवणारी मंडळी बसली खुर्च्या टाकून. म्हणाली, लोक कंटाळले. दरवेळी तोच पास्कल जिंकतो, तिकिटं कोण काढणार? म्हणून दोन नियम केले. पहिला, सगळ्यांना एकसारखं इंजिन, वर सील ठोकलेलं. कुणी हात लावायचा नाही. आणि दुसरा नियम ऐका, गंमत आहे. जो जिंकेल त्यानं पुढच्या शर्यतीत पंचवीस किलो वजन गाडीत घेऊन पळायचं! शिशाच्या लाद्या बोल्ट मारून बसवायच्या. हरला की लाद्या उतरल्या. जिंकला की परत चढल्या.

कसं वाटतं? तुमच्या पोराचा शाळेत पहिला नंबर आला आणि मास्तर म्हणाले, शाब्बास, आता पुढच्या परीक्षेला पाठीवर तांदळाचं अर्धं पोतं घेऊन बस! चालेल का हो? ही आई बघा, नको नको म्हणतेय.

पण खरं सांगू? शर्यतीला रंगत आली! पहिली पास्कलनं जिंकली. लाद्या चढल्या, दुसरी भलत्यानंच जिंकली. तिसरी आणखी कुणी. गर्दी वाढली, लोक झाडांवर चढून बघायला लागले. पण त्याचबरोबर आणखी एक गोष्ट सुरू झाली. माणसाचं डोकं नियमाच्या पुढं दोन पावलं असतं. टीमचे मालक हिशोब मांडायला लागले. म्हणाले, ही शर्यत मुद्दाम हरू, वजन उतरवून घेऊ, मोठी शर्यत हलक्या गाडीनं जिंकू! जिंकण्यासाठी हरायचं. आलं का ध्यानात?

वर्षातली शेवटून दुसरी शर्यत. पास्कलच्या गाडीत पंचवीस किलो, कारण आधीची त्यानं जिंकलेली. शिरीष हलका, आणि नेहमीसारखा मागं. शेवटच्या फेरीत एक लांबट वळण आहे. त्या वळणावर पास्कलनं सहा वर्षांत कधी ब्रेक मारला नव्हता. जड गाडी असू दे, पाऊस असू दे, नाही म्हणजे नाही! शिरीष मागं. डोळे दिव्यावर. आणि दिवा लागला!

बास. गाडी जराशी ढिली पडली, शिरीष बाजूनं निघून गेला. पुढं मोकळा रस्ता. झेंडा पडला. शिरीष रेडेकर पहिला!

इकडं गावात काय विचारता! जेसीबीतून फुलं, चौकाचौकात फ्लेक्स. फ्लेक्सवर पुढाऱ्याचा फोटो मोठा आणि शिरीषचा लहान, ते तर चालायचंच. उघड्या जीपमधून मिरवणूक. गुलाल, हलगी. आणि जीपमध्ये हा असा उभा, जणू कुणाला पोचवायला निघालाय. वृंदानं खालून विचारलं, “अहो, तोंड का पाडलंय? आठ वर्षं याच दिवसासाठी मी उपास केले!”

तर म्हणाला, “वृंदा, मी जिंकलो नाही. त्यानं मला वाट दिली.”

“कुणी सांगितलं?”

“दिव्यानं सांगितलं.”

दुसऱ्या दिवशी गडी थेट वसईला. पास्कलच्या वाडीत. केळी, मोगरा, बावखल म्हणतात त्या तळ्यातलं पाणी. पास्कल मोगऱ्याला पाणी सोडत होता. यानं ना नमस्कार, ना चहा. म्हणाला, “पास्कल, त्या वळणावर पाय का टाकलास ब्रेकवर?”

पास्कल म्हणाला, “दुसरं कुणी असतं तर कळलं नसतं.”

“मला कळलं. आता सांग.”

“मालकानं सांगितलं, गड्या. शेवटच्या शर्यतीला हलका हवास म्हणाला. चषक तिथं ठरणार. नियमात बसतं ते.”

शिरीष उसळला. “नियमात बसतं! अरे, सहा वर्षं मी तुझ्या मागं धावलो ते हे बघायला? मला तू पूर्ण हवा होतास रे! अर्धा नको होतास!”

मंडळी, हे वाक्य ऐकताय ना? तू पूर्ण हवा होतास. आपण देवाला काय म्हणतो? थोडं दे, वेळेवर दे, आणि शेजाऱ्यापेक्षा जास्त दे. पूर्ण तू हवास, असं कधी म्हटलंय?

पास्कलनं पाण्याचा पाइप खाली ठेवला. म्हणाला, “आता माझं ऐक. तू समजतोस, आधी सगळं सरळ होतं आणि या नियमानं वाकडं केलं. तसं नाही. सहा वर्षं माझ्या मालकानं इंजिनावर पाण्यासारखा पैसा ओतला. तुझ्या मालकाला ते जमत नव्हतं. तेव्हा तू ओझं घेऊनच माझ्या मागं पळत होतास, शिरीष. वजनकाट्यावर दिसत नव्हतं एवढंच. माझा पहिला नंबर त्यातला किती माझा, मलासुद्धा माहीत नाही.”

बघा! इतकी वर्षं हा त्याच्यासाठी झुरतोय, आणि त्यालाही आत तेच लागून राहिलंय. त्यालाही एकदा बरोबरीनं पळायचं होतं.

शिरीष म्हणाला, “शेवटच्या शर्यतीत ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलू नकोस. एवढंच मागतो.”

पास्कल म्हणाला, “नाही उचलणार. पण तेव्हा तुझ्या गाडीत लाद्या असतील, माझ्या नसतील. मग तीसुद्धा शर्यत नव्हेच.”

“असू दे.”

“असू दे काय असू दे! जा, जेवून जा.” त्याच्या आईनं वाढलं, हा जेवला, आणि दोघं निरोप घेऊन वेगळे झाले.

शेवटच्या शर्यतीचा दिवस. गाड्या वजनकाट्यावर चढवतात. शिरीषची गाडी चढली, पंचवीस किलो जादा, बरोबर. पास्कलची चढली. तपासनीस बघतो तर तीही पंचवीस किलो जादा! तो म्हणाला, “साहेब, चूक झाली. तुमच्या लाद्या उतरल्यात. काढून टाका.”

पास्कल म्हणाला, “चूक नाही. राहू दे.”

“अहो, नियम!”

“बघा नियमात. कमी वजन चालत नाही असं लिहिलंय. जास्त चालत नाही असं कुठं लिहिलंय?”

तपासनीसानं पुस्तक उलटंसुलटं केलं. कुठंच नाही! कसं असेल? नियम लिहिणाऱ्याच्या स्वप्नात तरी येईल का, की एखादा शहाणा स्वतःहून ओझं मागून घेईल! मालक धावत आला, लालबुंद. “पास्कल, वेड लागलं का? चषक जाईल! तुझी नोकरी जाईल!” पास्कलनं हेल्मेट चढवलं. आता काय ऐकू येतंय!

आणि पलीकडं शिरीष उभा होता. त्यानं काट्याचा आकडा बघितला. मंडळी, त्यानं मला स्वतः सांगितलं, “तो आकडा बघितला आणि मी तिथंच, हातमोजे घातलेल्या हातानं डोळे पुसत बसलो.”

पडला झेंडा! सुटल्या गाड्या! आणि काय झालं सांगू? हे दोघे जड, बाकीचे हलके. बंगळूरचा एक तिसराच, डोळ्यादेखत सुसाट पुढं निघून गेला. गेला तर गेला! यांचं लक्ष कुणाकडं आहे? पास्कल पुढं, शिरीष मागं. शिरीष पुढं, पास्कल मागं. पुन्हा पास्कल. आरसे घासले, रंग उडाला. पुढं गेलेल्या त्या गड्याकडं एक माणूस बघत नव्हता. सगळा ट्रॅक उभा राहून दुसऱ्या नंबराची शर्यत बघत होता! शेवटचं ते लांबट वळण आलं. दिवा लागला का? नाही लागला! पास्कलनं पाय उचलला नाही. शिरीषनंही नाही. दोन्ही गाड्या खांद्याला खांदा लावून वळणातून बाहेर. आणि रेषेवर अर्ध्या बॉनेटनं पुढं कोण?

शिरीष!

दुसरा नंबर! सहा वर्षं जो मिळत होता तोच! त्यापायी चषकही गेला, बंगळूरवाल्याला. पण हा दुसऱ्या पायरीवर उभा राहून रडतोय, हसतोय, तिसऱ्या पायरीवरच्या पास्कलच्या गळ्यात पडतोय. आणि वरच्या पायरीवरचा तो जिंकलेला विचारतोय, “अहो, पहिला मी आलो ना?”

हसा, हसा. पण पुढचं ऐका. त्याच संध्याकाळी मालकानं पास्कलला काढून टाकलं. पुन्हा कुणी त्याला गाडी दिली नाही. सांगितलेलं न ऐकणारा माणूस कुणाला हवा असतो? आता तो वाडीत मोगरा बघतो. शिरीष अजून पळतो. पुष्कळ शर्यती जिंकला त्यानंतर. मागच्या महिन्यात कीर्तन ऐकायला आला होता, मागं बसला होता. आरती झाल्यावर भेटला. मी म्हटलं, “आता काय बाबा, पहिला नंबर तुझाच!” तर म्हणाला, “महाराज, आता पुढं कुणी नसतं. मी आरशात बघत राहतो, मागून येतोय का म्हणून. येत नाही. फार आठवण येते हो त्याची.”

तर मंडळी, ओढ कुणाची लागते? जो आपल्याला पूर्ण पळायला लावतो, त्याची. मग तो देव असो, नाहीतर वैरी. तो गेला की जिंकूनसुद्धा हात रिकामेच राहतात.

आता पागोटी सरळ करा आणि माझ्याकडं बघा. हे आख्यान मी उगाच नाही लावलं. दुपारी आलो तेव्हाच कळलं मला. यंदा जत्रेच्या लेझीम स्पर्धेचा नियम बदलला. तीन वर्षं जिंकलेल्या वरच्या आळीनं यंदा निम्मी नवीन पोरं घेऊन खेळायचं. वरची आळी म्हणाली, हा आमच्यावर अन्याय! खालची आळी म्हणाली, तुम्ही भित्रे! शब्दाला शब्द वाढला, स्पर्धा मोडली, आणि आज या मंडपात खालच्या आळीचं एक माणूस नाही. मी येताना बघितलं, ते तिकडं पाराजवळ बसलेत. कान इकडंच आहेत त्यांचे.

वरच्या आळीच्या पोरांनो, काल संध्याकाळी तुम्ही एकटेच लेझीम खेळत होता ना? मी ऐकलं. हात चालत होते, जीव नव्हता. खरं सांगा, करमतं का त्यांच्यावाचून? खाली बघू नका. तुम्हाला त्यांची आठवण येते. त्यांनाही येते. आणि दोघंही नियमाचं पुस्तक छातीशी धरून बसलात. निम्मी नवीन पोरं घ्यायचं ओझं आहे ना? घ्या! आनंदानं घ्या. पास्कलला तर कुणी सांगितलंही नव्हतं.

टाळ खाली ठेवा. मृदंग राहू दे. मी देवाचं नाव आता घेणार नाही, आणि तुम्हीही घेऊ नका. उठा चौघंजण. पारावर जा, त्यांना हात धरून आणा. काय बोलायचं? काही बोलू नका, नुसते समोर उभे राहा. जा, मी इथंच उभा आहे.