म्हैसासुराचा उजवा गाल

गुरुजी, आधी वही उघडा, पेनाचं टोपण काढा, आन मी सांगतो ती बातमी पहिल्या ओळीत मोठ्या अक्षरात लिहा, कारण बातमी लई गंभीर हाय. यंदाच्या चैत्रात, दिवस उगवायच्या वक्ताला, समद्या गावाच्या देखत, देवीच्या हातून म्हैसासुर मेला. लिहिलं? आता त्याच्या खाली लिहा, की तो म्हैसासुर म्हणजे मी, सखाराम, आन मरताना मला जेवढा आनंद झाला तेवढा लग्नातबी झाला नव्हता. ही शेवटची ओळ आमच्या घरात वाचून दाखवायची न्हाई.

तुमी बाहेरगावचे, म्हणून मुळापासून सांगतो. आमचं गाव भंडारदऱ्याच्या पाण्याच्या पलीकडं. भाताची चार खाचरं, वरच्या माळाला नागली, म्हणजे तुमची नाचणी, हिरड्याची थोडी झाडं आन दावणीला एक म्हस, एवढाच आमचा पसारा. पण चैत्र लागला की गावात बोहाडा असतो. देवांची, राक्षसांची मोठमोठी लाकडी तोंडं चढवायची आन वाजंत्र्यांच्या तालावर नाचायचं, त्या तोंडाला आमी सोंग म्हणतो. कुठलं सोंग कुठल्या घरानं नाचवायचं ते ठरलेलं, तो त्या घराचा मान. कुणाकडं गणपती, कुणाकडं मारुती, आन आमच्या घरात म्हैसासुर. आज्यानं नाचवला, बापानं नाचवला, मंग मी. काय सांगू तुम्हाला, लोक हात जोडतात देवाला पण बघायला येतात मला. शेवटच्या दिवशी सकाळी देवीचं आन माझं युद्ध, मी मेलो की बोहाडा संपला, आन मी मेल्याशिवाय कुणी घरी जात न्हाई. सोंग पांगाऱ्याच्या लाकडाचं, वर खऱ्या रेड्याची शिंगं, आन समदा भार दोन गालांवर. हे गालाचं ध्यानात ठेवा, पुढं लागणार हाय.

तर दोन पावसाळ्यांमागं आवणी चालली हुती, मी चिखलात वाकून रोपं लावत हुतो, आन वाऱ्याची एक झुळूक उजव्या गालाला लागली. झुळूकच, वावटळ न्हाई. तेवढ्यानं कुणी जबड्यात तापली सळई घालून कानातून बाहेर काढावी असं झालं. मी चिखलात बसलो. बायकांना वाटलं साप चावला. निमिषभरात कळ गेली, आन मी उठून हसलो की काय न्हाई, काय न्हाई, तर हसलो म्हणून परत आली. मंग ती रोज यायला लागली. घास चावला की कळ, तोंड धुतलं की कळ, कुणाला हाक मारली की कळ, आन कळ गेली की मागं डोकं असं ठणकायचं की दिवसभर अंधाऱ्या खोलीत पडून राहावं. माझ्यासारख्या बोलघेवड्या माणसाचं तोंड बंद झालं, गुरुजी. गावाला पहिल्यांदा कळलं की आमच्या गावात कोकिळा हायत.

दाढीचं तर ऐकाच. उजव्या गालाला वस्तरा लावता येईना, म्हणून डावा गाल गुळगुळीत आन उजव्यावर जंगल. डावीकडून बघितलं तर नवरदेव, उजवीकडून बघितलं तर बैरागी. आमची हौसा, म्हणजे माझी मालकीण, म्हणायची, तुमी जेवायला बसताना डावा गाल माझ्याकडं करून बसत जा, मला बरं वाटतं. हसायची, पण भाकर मऊ करून करून, शेवटी नागलीची पेज करून वाटीनं पाजायची.

उपाय समदे झाले. लवंगा झाल्या, बिब्बा झाला, भगताचा अंगारा झाला. मंग आमच्या तालुक्याच्या गावी, अकोल्याच्या बाजारात एक दात काढणारा बसायचा, त्याला म्हटलं, दाढ दुखतीया. त्यानं एक काढली. कळ हाय तशीच. मंग तिच्या शेजारची काढली. दोन्ही हातावर ठेवून बघितल्या तर चांगल्या धडधाकट, अजून तीस वरसं सुपारी फोडली असती. तो बिचारा म्हणाला, तिसरी काढू का? मी म्हटलं, राहू दे, बोलायला काय तरी शिल्लक ठेव.

आन मधेच आला बोहाडा. मागल्या सालचा. सोंग चढवलं, दोन पावलं टाकली, आन लाकूड गालाला घासलं. म्हैसासुर रडताना कुणी बघितला हाय? आमच्या गावानं बघितला. माझा चुलतभाऊ भिवा बाजूलाच उभा हुता, त्यानं सोंग घेतलं आन नाचवलं. वाईट नाचवलं, गुरुजी, मी म्हणतो म्हणून न्हाई. देवीनं तलवार उचलायच्या आधीच हा आडवा झाला. पण नाचवलं. मंग लखमातात्या माझ्या दारात आले. समदी सोंगं त्यांच्या ताब्यात असतात, आन देवीचं सोंग ते सोता नाचवतात, साठी उलटली तरी. ते म्हणाले, सख्या, आजारपणाला एक साल गाव देतं. पुढल्या सालीबी तू उभा राहिला न्हाईस तर म्हैसासुर भिवाच्या घरात जाईल, तो परत यायचा न्हाई. मी मान हलवली, तर त्यानंबी कळ आली.

दिवाळी झाली, भात झोडून झालं, तशी हौसा म्हणाली, आता नगरला जायचं. मी म्हटलं, दात संपले, आता तिथं काय काढणार? तिनं पिशवी भरली. एस्टी बदलत बदलत नगरच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथं एक डॉक्टरीणबाई हुत्या, ठेंगण्या, चष्मा लावणाऱ्या. त्यांनी कापसाचा बोळा नुसता गालाजवळ आणला, आन मी खुर्चीसकट मागं गेलो. त्या म्हणाल्या, कळलं. मी म्हटलं, अजून मी काय सांगितलंच न्हाई. त्या म्हणाल्या, तुमच्या गालानं सांगितलं. दातांचा काही दोष नव्हता, चेहऱ्याची एक शीर आहे, ती बिघडली आहे, उगाच हाका मारते. ही गोळी तिला शांत करील.

आन मंग त्यांनी मला चांगलं सुनावलं, म्हणजे समजावलं, पण सुनावल्यासारखं. दुखलं की घ्यायची असली ही गोळी नाही. दुखो न दुखो, रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायची. आधी अर्धी, मग मी सांगेन तेव्हा पूर्ण. झोप येईल, चक्कर येईल, झाडावर चढायचं नाही. अंगावर पुरळ आलं, ताप आला तर लगेच निघून यायचं. आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंद करायची नाही. हे शेवटचं त्यांनी मला सांगितलं न्हाई, हौसाकडं बघून सांगितलं. डॉक्टर हुशार हुत्या.

आमच्या घरात घड्याळ न्हाई. पण म्हस हाय. दोन वक्ताला धार काढायची, त्यात कधी चूक न्हाई, कारण चुकली तर म्हस गाव गोळा करती. हौसानं ठरवलं, धार झाली की गोळी. मंग काय, म्हस हंबरली की मी तोंड उघडून उभा. शेजारचे म्हणायचे, सखाराम आन म्हस दोघं एकाच वक्ताला दाव्यावर येतात.

पहिले आठ दिवस मी नुसता पेंगलो. चालताना पाय तिरके पडायचे, लोक म्हणाले, सखारामानं मोहाची धरली. मंग अर्ध्याची पूर्ण झाली, डोळे उघडले, आन एका सकाळी मी तोंड धुतलं, आन कळ आली न्हाई. परत धुतलं. तरी न्हाई. आख्खी बादली तोंडावर ओतली. हौसा बाहेर आली, बघत राहिली, आन आत जाऊन चुलीवर भाकर टाकली. कडक भाकर, सोबत भाजलेलं सुकट. मी चावत हुतो आन ती माझ्या जबड्याकडं बघत हुती, आन दोघंबी डोळं पुसत हुतो, मी म्हटलं, सुकटाचा धूर लई झाला.

आता माझा मूर्खपणा ऐका. देवीच्या युद्धाआधी म्हैसासुराचा मानकरी पाच दिवस देवळात राहतो, उपास धरतो, फळं आन दूध सोडून तोंडात काय घालत न्हाई. बाप असंच करायचा, मीबी करतो. देवळात बसलो आन मनात आलं, गोळी बी तोंडातच जाती की. आन दुखणं तर कवाच गेलं. पुडी वळचणीला खोचली, कुणाला सांगितलं न्हाई. घरी हौसा धार काढायची आन तिला वाटायचं मी इकडं घेतली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी केळं चावलं. केळं, गुरुजी. सळई परत आली, तीच, ओळखीची. मी खांबाला डोकं टेकून बसलो. भिवा देवळात आला, माझ्याकडं बघितलं, आन पायात घुंगरं बांधून ताल धरून बघायला लागला. मला त्या घुंगरांचा राग आला न्हाई, भ्या वाटलं.

कुणी सांगितलं कोन जाणे, हौसा आली. आली ती देवळाच्या पायरीवर उभी राहिली आन विचारलं, गोळी? मी म्हटलं, उपास. पारावर मंडळी बसली हुती, ती तिथं गेली, डोक्यावरचा पदर नीट केला आन लखमातात्यांना विचारलं, मामंजी, उपासाला गोळी चालती का न्हाई, गावानं सांगावं.

झालं, बैठक बसली. एक म्हणाला, वरई चालती, साबुदाणा चालतो, गोळीचं कुणी ठरवलंच न्हाई. हौसा म्हणाली, हिच्यात धान्य न्हाई, मीठ न्हाई, मी चाटून बघितली, नुसती कडू हाय. भिवा म्हणाला, वैनी, पण ती कुठून आली, कुणी बनवली, काय माहीत? हौसा म्हणाली, भावजी, साबुदाणा तुमच्या खाचरात पिकतो व्हय? बायका हसल्या. मी देवळातून बघत हुतो, गाल हातात धरून, माझ्या तीन पिढ्या म्हाताऱ्या तात्यांच्या तोंडाकडं बघत हुत्या.

शेवटी तात्या उठून माझ्याजवळ आले. म्हणाले, सख्या, उपास देवीच्या सोंगाचा. उपास माझा. राक्षसाला उपास सांगितला कुणी? उपासाचा मान मला एकट्याला मिळतो हे तुझ्या बापाला बघवेना, म्हणून त्यानंबी चालू केला. गोळी खा, भाकर बी खा, तीन दिवसांनी तुला माझ्या हातून मरायचं हाय.

वळचणीतून पुडी काढली. त्या दिवसापासून म्हस देवळाच्या अंगणात बांधली, धारेचा वक्त चुकू नये म्हणून. हौसानं सोंगाच्या आतून जुन्या लुगड्याची मऊ घडी शिवली, उजव्या बाजूला जाड. पहिल्या दिवशी फरक न्हाई. दुसऱ्या दिवशी कळ आली पण लांबून आली. तिसऱ्या सकाळचं मलाच माहीत नव्हतं.

आता गोळी चालूच हाय, हे लिहा. डॉक्टरीणबाईंना उपासाचं सांगितलं तर त्यांनी चष्मा काढून ठेवला आन मला लई बोलल्या, मंग म्हणाल्या, असंच राहिलं तर पुढं बघू, हळूहळू कमी करू, पण मी करीन, तुम्ही नाही. बरं म्हटलं. कळ कवा तरी येती, पाहुण्यासारखी, राहत न्हाई. दाढी दोन्हीकडून हाय बगा गुळगुळीत. पुढल्या साली भिवाला मी सोता नाचायला शिकवणार हाय, माझ्यामागं कुणाला तरी नीट मरता आलं पायजे. देव समद्यांना अशी एक म्हस आन अशी एक बायको देवो.

व्हय, मरायचं राहिलंच. दिवस डोंगरावर आला, संबळ वाजायला लागला, सोंग चढवलं. लाकूड गालाला टेकलं. मी वाट बघितली. काय न्हाई. पाऊल टाकलं, काय न्हाई. मंग मी जो नाचलो, गुरुजी, मरायचं विसरलो. तात्या देवीच्या सोंगात दमून गेले, आतून पुटपुटायला लागले, सख्या, पड आता, माझा उपास हाय. तरी मी दोन फेरे घेतले, मंग गुडघ्यावर आलो. देवीनं तलवार वर उचलली, संबळ थांबला, समद्या गावानं श्वास धरला, लहान पोरंबी गप, आन त्या शांततेत बायकांच्या घोळक्यातून आमची हौसा ओरडली:

आई जगदंबे, मार त्याला, पण उजव्या गालाला लावू नको.