बारा नंबरचे हात

सिस्टर : ...आणि माझ्या नर्स मुलींना हात धुण्यावरून झापलं, म्हणून तुम्ही मला समज द्यायला वर आलात होय? डॉक्टर, तुमची लॅब तळमजल्यावर. तिथं काचेच्या बश्यांत काय उगवायचं ते उगवू दे. इथं काचेच्या पेट्यांत माणसं वाढवतो आम्ही.

डॉक्टर : समज द्यायला नाही आलो, सिस्टर. दार लावून घेऊ?

सिस्टर : लावा. पण दहाला आया येतात बाळांना बघायला, तेवढाच वेळ आहे. आधी तीन नंबरच्या पेटीतल्या पैलवानाचं सांगा. परवाच्या रक्तात काय निघालं?

डॉक्टर : बुरशी अजून आहे.

सिस्टर : अजून? अहो, दुसऱ्या औषधाचा चौथा दिवस! पहिल्याला तिनं भीक घातली नाही, हे दुसरं त्याची मूत्रपिंडं खातंय. नऊशे दहा ग्रॅमचा जीव तो. किती झुंजेल?

डॉक्टर : बुरशी तीच आहे. एक नंबर आणि पाच नंबरच्या बाळांच्या रक्तात होती, तीच.

सिस्टर : ती दोन्ही गेली, डॉक्टर. पंधरा दिवसांत दोन. मला त्यांचे नंबरसुद्धा ऐकवत नाहीत.

डॉक्टर : ती कुठून आली, ते कळलंय. म्हणून आलो. आपण सगळ्यांच्या हातांचे नमुने घेतले होते ना गेल्या आठवड्यात?

सिस्टर : मीच घ्यायला लावले. चौदाजणींच्या चौदा चिठ्ठ्या, वर नुसते नंबर, नावं नकोत म्हटलं. नाहीतर आमच्या मुली घाबरून सॅनिटायझरच्या बादलीत बुडी मारून आल्या असत्या.

डॉक्टर : चौघींच्या हातांवर सापडली. दोन, सहा, नऊ आणि बारा. बारा नंबरवर सगळ्यांत जास्त. बशीत तिळाएवढी जागा शिल्लक नाही.



सिस्टर : बारा नंबर माझा.

डॉक्टर : मला वाटलंच होतं. नळ, वजनकाटा, पेट्यांची दारं, सगळीकडून नमुने नेले होते. कुठंच काही नाही. आणि तुमच्या ड्रॉवरमधला तो क्रीमचा डबा. त्यातही तीच निघाली.

सिस्टर : तो मीच काढून दिला होता तुम्हाला. हसत दिला होता. म्हटलं, हाही न्या, चोराच्या मनात चांदणं नको.

डॉक्टर : कधीपासून वापरताय?

सिस्टर : सहा वर्षं झाली असतील. दिवसातून साठ वेळा हात धुतले की कातडीच्या चिंध्या होतात हो. आणि या पोरांची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी. माझ्या भेगा त्यांना ओरबाडतील म्हणून लावायचे. त्यांना हात लावायच्या आधी, प्रत्येक वेळी.

डॉक्टर : डबा धुतलात कधी?

सिस्टर : संपला की धुणार ना? मी संपू कुठं दिला? तळ दिसला की मोठ्या बाटलीतून वरून भरायचे. आत जुनं ते जुनंच राहिलं. स्वयंपाकघरात कुणी असं पीठ भरलं तर मी चार शब्द सुनावले असते.

डॉक्टर : बाकीच्या तिघी?

सिस्टर : त्या लहान आहेत. हात फुटले की रडायच्या. मी बोलावून बोलावून लावायचे त्यांना. मायेनं. माझी माया, दुसरं काय.

डॉक्टर : हे बघा, उलटंही घडलं असेल. आधी एखाद्या बाळाकडून तुमच्या हातावर आली असेल आणि हातावरून डब्यात गेली असेल. सुरुवात कुठं झाली ते कुणीच शपथेवर सांगू शकत नाही.

सिस्टर : पळवाट चांगली रुंद शोधलीत.

डॉक्टर : पळवाट नाही. मी रिपोर्टमध्ये नंबरच लिहिणार आहे. 'वॉर्डातला सामाईक डबा', एवढंच. डबा गेला, हात बरे होईपर्यंत चौघींना दुसरीकडे काम. तुमची नोकरी सहा महिने राहिलीय. साप मरेल आणि काठीही मोडणार नाही.

सिस्टर : तुम्हाला काठीची काळजी. पाच नंबरच्या बाळाची आई जाताना मला विचारत होती, माझं काही चुकलं का हो? मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, नाही गं, वेळेआधीची बाळं अशीच असतात. याच हातानं फिरवला.

डॉक्टर : तेव्हा तुम्हाला कुठं माहीत होतं?

सिस्टर : आता आहे ना माहीत.

(वॉर्डाबाहेरच्या सिस्टरच्या खोलीच्या दारावर टकटक. तीन नंबरच्या बाळाची आई दार अर्धवट उघडून उभी आहे.)

आई : सिस्टर, दहा वाजून गेले. येऊ का आत?

सिस्टर : ये गं. डॉक्टर, तुम्ही निघा आता.

डॉक्टर : सिस्टर, एकदा विचार करा.

सिस्टर : झाला करून. जा तुम्ही.

आई : काय झालं? तोंड का असं उतरलंय तुमचं? बाळ बरं आहे ना?

सिस्टर : आहे. तसंच आहे. बस जरा.

आई : उभीच बरी आहे, बसलं की टाके ओढतात. आज घेतलंत का त्याला तुम्ही? तुमचा हात लागला की त्याचा श्वास कसा संथ होतो, मी काचेतून बघते ना. बाकीच्या मुलींची नुसती घाई. मी घरी सांगून ठेवलंय, मोठ्या सिस्टर आहेत तोवर मला घोर नाही.

सिस्टर : अगं, थांब. आधी मला बोलू दे. त्याच्या रक्तात जी बुरशी आहे ना, ती माझ्या हातांवर सापडली.

आई : कळलं नाही मला.

सिस्टर : माझ्या हातांवरून त्याच्या अंगात गेली असणार. सलाईनची नळी बदलताना किंवा कूस बदलताना. नक्की कधी ते नाही सांगता येणार.

आई : हात धुतले नव्हते?

सिस्टर : धुतले होते. धुऊन वर क्रीम लावलं होतं, हात फुटतात म्हणून. त्या क्रीममध्ये होती. डबा माझा होता, आणि मी तो कधी घासला नव्हता.

आई : मुद्दाम थोडंच केलंत?

सिस्टर : मुद्दाम नाही. पण केलं मीच.

आई : आणि ती दोन बाळं? त्या खिडकीजवळची?

सिस्टर : त्यांच्यातही हीच होती.

आई : आई गं.

सिस्टर : टेक तिथं भिंतीला. पाणी देऊ का? नको, मी मुलीला सांगते द्यायला.

आई : पाणी नको मला. हे सांगितलंत कशाला? मला कधी कळलं नसतं.

सिस्टर : उद्या-परवा तू माझे हात धरून आभार मानले असतेस. मला ते सोसलं नसतं.

आई : तुम्हाला सोसलं नसतं! म्हणून आता मी सोसायचं?

सिस्टर : खरं आहे तुझं.

आई : वाचेल का तो?

सिस्टर : तिसरं औषध मागवलंय, उद्या सकाळी पोचेल. ते लागू पडलं तर...

आई : पडलं तर-बिडलं तर नको. खरं सांगा.

सिस्टर : एवढ्याशा बाळाच्या रक्तात ही इतके दिवस राहिली, की दोघांतलं एक वाचतं. कधी तेवढंही नाही.

आई : बरं.

सिस्टर : रड हवं तर.

आई : रडायचं कधी ते मी ठरवेन. आता त्याला कोण बघणार? तुम्ही?

सिस्टर : मी आजपासून वॉर्डात पाऊल टाकणार नाही. ज्यांचे हात स्वच्छ निघालेत अशा दोघी आहेत या पाळीला, पण बाळं आठ. औषध, सुया, नळ्या त्या बघतील. त्याच्यापाशी बसायला, तो दचकला की हात ठेवायला त्यांना सवड नाही होणार. ते तू करायचंस.

आई : मी? एकोणीस दिवसांत एकदा बोट लावलंय मी त्याला. केवढा आहे तो! मोडेल माझ्या हातानं.

सिस्टर : नाही मोडत. फक्त चोळायचं नाही, थोपटायचं नाही. एक हात डोक्याशी, एक पायांशी, आणि तसेच ठेवायचे. पण आधी धुवायचे. तो नळ कोपरानं उघड. घड्याळ काढ. अंगठी काढ.

आई : निघत नाहीये. बोटं सुजलीत अजून.

सिस्टर : साबण लाव नि फिरव. ओढू नकोस.

आई : निघाली. कुठं ठेवू?

सिस्टर : दे इकडे... नको. माझ्याकडे नको. तिथं खिडकीत ठेव.

आई : आता?

सिस्टर : बोटांच्या मधे. नखांखाली. अंगठा वेगळा धू, सगळे अंगठाच विसरतात. मग कोपरापर्यंत.

आई : सिस्टर.

सिस्टर : बोल.

आई : तो घरी आला, तर मी हे कधीतरी विसरेन. नाही आला, तर मरेपर्यंत विसरणार नाही. आत्ताच सांगून ठेवते.

सिस्टर : बरं.

आई : झालं का एवढ्यानं?

सिस्टर : नाही, अजून. डाव्या हाताची बोटं परत घे.

आई : घेते. तुम्ही जाऊ नका कुठं. दारातच थांबा, मी आत काही चुकले तर सांगा.