सत्तावीस स्वच्छ फोटो

ओळखपत्राच्या फोटोसाठी स्टुडिओत थांबलेल्या शिक्षिकेने पेपर उघडला खरा, पण तिचे कान काउंटरपाशी उभ्या बाईंकडे लागले होते.

"घ्या मावशी, सत्तावीस. डोंगर, वाळवंट, समुद्र. एकट्याने एवढी गाडी हाणली, कमाल आहे तुमच्या लेकाची!"

"परत येताना उलटली ती गाडी."

"अरेरे... मला कल्पना नव्हती, मावशी."

"यातली सावली कुठंय? कॅमेऱ्यात बघितली होती मी."

"ती होय! प्रत्येक फोटोत खाली त्याची लांबलचक सावली होती. नवखे हमखास करतात ही चूक. दोन दिवस बसून एकूण एक पुसली."

"अहो, त्या अख्ख्या प्रवासात त्याचा एकही फोटो नाही. तेवढीच होती. मूळचे द्या मला."

"कार्ड रिकामं करून द्या, धाकटीला कॅमेरा हवाय, असं तुम्हीच म्हणालात ना?"

"तुमच्या कॉम्प्युटरवर असतील की."

"सुधारले की जुने ठेवत नाही, मावशी. जागा अडते."

बाईंनी सगळे फोटो पुन्हा एकेक करून पाहिले आणि पाकीट न घेताच त्या पायऱ्या उतरल्या.

"या मॅडम, बसा. मागे भिंतीवर सावली पडतेय, जरा पुढे सरका."

"असू द्या ती."