आत्याचं रडणं

हसू नका, पण आमच्या आत्यासारखं रडणारी बाई पंचक्रोशीत नव्हती. महायुद्धाच्या आधीची गोष्ट. शहाद्याला लांबचे सोयरे वारले. आत्यानं त्यांचं तोंडही पाहिलेलं नव्हतं, तरी आम्ही बैलगाडीनं निघालो. वाटभर तिचं एकच चालू, "आजकालना लोकेसले धड रडता बी येत नही!"

गल्लीत उतरताच तिनं पदर ओढला आणि पहिल्याच ओट्यावर हंबरडा फोडला, "इतला देवमानूस गया व माय!"

आतून म्हातारा घरधनी आला. मध्ये न थांबवता त्यानं सगळं रडणं ऐकून घेतलं, मग म्हणाला, "माय, मयत शेजारी शे. पण भलती चांगली रडनी तू. मी मरसू तव्हय बी तूच येजो!"