वेगळं ठेवलेलं पीठ

पाळकसाहेब, वडीलमंडळी, आयाबहिणींनो,

मला बोलायला येत नाही. कराचीच्या गोदीत पोती उचलणारा माणूस मी, तिथं बोलायचं काम मुकादम करतो. सगुणाआत्याला फार ताप आहे, ये, अशी तार आली. इथं पोचलो तोवर तिची माती झाली होती. आज तिच्या आठवणीसाठी तुम्ही एवढे जमलात. सगुणाबाई देवमाणूस होती, असं तिघाचौघांनी उठून सांगितलं. ते ऐकून बसवेना, म्हणून उभा राहिलो.

देवमाणूस. मग देवमाणसाच्या पिठाचं तुम्ही काय केलंत?

रागावू नका. नाहीतर रागवा. मी परत जाणारच आहे.

उपासाचे चाळीस दिवस आपण घरोघर रोज मूठभर ज्वारी बाजूला टाकतो. शेवटच्या आठवड्यात ती दळायची, पीठ देवळात आणून या मातीच्या मोठ्या डेऱ्यात ओतायचं, आणि उत्तम शुक्रवारची उपासना झाली की त्याच्या भाकरी सगळ्यांनी मिळून खायच्या. मिळून म्हणजे कसं, तर आपण वरच्या आळीतले इथं आत, आणि खालची आळी व्हरांड्यात. त्यांचा डेराही तिथंच, वेगळा.

एका वर्षी पाळकसाहेबांनी सांगितलं, या दिवसांत प्रत्येकानं आवडीचं काहीतरी सोडा. कुणी चहा सोडला. याकोबमामांनी तंबाखू सोडली, तर ईस्टरपर्यंत मामी त्यांच्या वाऱ्याला उभ्या राहिल्या नाहीत. आत्या घरी येऊन बसली. सोडायला आपल्याकडं आहे काय, म्हणाली, मटण तर वर्षातनं दोनदा शिजतं. मग म्हणाली, "शिवाशिव हाय की. ती सोडते."

मंडळी, खालच्या आळीतलेही ख्रिस्तीच. एकाच पाळकाच्या हातानं आपल्या सगळ्यांच्या डोक्यावर पाणी पडलं. पण बाप्तिस्म्याच्या आधी ते कोण आणि आपण कोण, हे कोण विसरलं? गावानं आपल्याला विहिरीवर चढू दिलं नाही. आपण इकडं, ख्रिस्ताकडं आलो. आणि इकडं येऊन पहिलं काय केलं? आपलं मडकं वेगळं ठेवलं.

आत्या सुताच्या मिलमधनं सुटली की खालच्या आळीत सरूमावशीच्या दारात जायची. प्यायला पाणी मागायची. पहिल्या दिवशी ते तिच्या घशाखाली उतरेना. घरी येऊन तिनं चूळ भरली, आणि चूळ भरली म्हणून रडली. दुसऱ्या दिवशी परत गेली. मी म्हणालो, जमत नाही तर कशाला जिवाला त्रास? ती म्हणाली, "शिकाऊ पोरीचा धागा पयल्या दिशी तुटतोच की. म्हणून मिल सोडून कोण जातंय व्हय? शिष्य म्हंजी तरी काय रं, शिकाऊच."

रोज गेली. पाणी उतरायला लागलं. मग भाकरीही उतरली. उपास सरत आले तेव्हा दोघी एका जात्यावर बसल्या. दोन घरची ज्वारी एकत्र दळली आणि एकाच गाडग्यात घालून इथं आणली.

डेरा याकोबमामांच्या ताब्यात. त्यांनी ते गाडगं तिच्या हातातनं घेतलं. पण डेऱ्यात ओतलं नाही. भिंतीकडेला ठेवलं. मंडळीत कुरबुर नको, म्हणाले. संध्याकाळी ते पीठ त्यांच्या कोंबड्यांना गेलं.

दर वर्षी हेच. दर वर्षी तिनं मिसळून आणायचं, दर वर्षी तुम्ही बाजूला ठेवायचं. मी चिडून म्हणालो, व्हरांड्यातल्या डेऱ्यात घाल की, ते घेतील. ती म्हणाली, "तितं तर पडतंयच. हितं पडाया पायजे." मी कंटाळून गाव सोडलं. ती नाही कंटाळली. उलट हसायची. याकोबदादाच्या कोंबड्या माझ्या उपासावर लई गुबगुबीत झाल्यात, म्हणायची. आणि पंगतीला व्हरांड्यात सरूमावशीशेजारी जाऊन बसायची.

तुमच्यातल्या कुणी कधी मान वळवून तिकडं बघितलं?

ताप चढला तेव्हा तिच्या उशाशी सरूमावशी होती. वरच्या आळीतलं कोण होतं? एक नाव सांगा. मी थांबतो.

बरं.

हात उचलेना झाला, तरी रोजची मूठ टाकायची म्हणून तिचा हट्ट. सरूमावशीनं तिची मूठ आपल्या हातात धरून गाडग्यावर नेली. ती गेल्यावर पुढच्या दिवसांची मूठ सरूमावशीनं टाकली. आणि काल आम्ही दोघं दळायला बसलो. माझे पोती उचलणारे हात जात्याच्या खुंट्यावर अवघडले. मावशी म्हणाली, "हळू वढ रं. आत्या हसंल तुला."

हे ते गाडगं. उद्या उत्तम शुक्रवार. आणि हा तुमचा डेरा.

याकोबमामा, तुम्ही बसा. मी ओततो.

ओतलं. आता निवडून काढता येत असेल तर काढा.

ज्याला उद्याची भाकरी जड जाईल, त्यानं आत्ताच घरी जावं. आत्याबद्दल चांगलं बोललात, तेवढं पुरे झालं. बाकीच्यांनी उभं राहावं.

सरूमावशी, तू अजून व्हरांड्यातच का? आत ये.

मला प्रार्थना करता येत नाही, मंडळी. ती इथपर्यंत येईस्तोवर आपण सगळे गप्प राहू.